विखुरलेले स्वर आणि भजनाची लय

एकाने सुरतेत गावे, दुसऱ्याने फोंड्यात घुमट वाजवावे, तिसऱ्याने परदेशातून पेटीची साथ द्यावी आणि तिघांच्या नोंदी संगणकावर एकत्र करून आरती सिद्ध व्हावी, हा प्रकार आता नवलाचा राहिलेला नाही. सुरत शहरातील नवागाम-दिंडोली भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. गावचे भजनी मंडळ एकीकडे आणि गळा दुसरीकडे, अशी ज्यांची स्थिती, त्यांना ही सोय मोलाची वाटावी हे स्वाभाविकच होय. प्रश्न एवढाच की, अशा रीतीने जे हाती येते त्याला भजन म्हणावे काय?

या रीतीचे मर्म असे की, गाणारे-वाजविणारे एकत्र गातच नाहीत. ध्वनीला हवेतून एक मीटर जाण्यास सुमारे ३ सहस्रांश सेकंद लागतात. साथीदार दहा मीटरांवर बसला की विलंब ३० सहस्रांशांच्या घरात जातो आणि तेथून पुढे ठेका रेंगाळू लागतो. काचतंतूतून धावणाऱ्या प्रकाशालाही १०,००० किलोमीटरांसाठी सुमारे ५० सहस्रांश सेकंद हवेतच. म्हणून दूर देशीचे साथीदार एकाच वेळी गाण्याचा नाद सोडतात आणि कानांत यंत्राचा ठोका ऐकत आपापला भाग स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करतात.

अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटेकर यांनी २०१० साली १२ देशांतील १८५ गायकांच्या नोंदी जुळवून वृंदगान सादर केले. टाळेबंदीच्या काळात, मे २०२० मध्ये, आपल्याकडे दोनशेंहून अधिक गायकांनी आपापल्या घरी गाऊन ‘जयतु जयतु भारतम्’ साकारले. या दोन्ही कृतींविषयी आम्हांस आदर आहे. कारण तेथे रचना आधीच बांधलेली होती, प्रत्येकाने आपला वाटा तीत बसवावयाचा होता. भजनाचे तसे नाही. बुवांनी चरण उचलला, टाळकऱ्यांनी तो झेलला, मृदंगाने जोर धरला की लय आपोआप चढते. तो चढ कोणी ठरवीत नाही. तो परस्परांच्या श्रवणातून उपजतो. यंत्राचा ठोका मात्र कोणाचेच ऐकत नाही. त्यावर बेतलेली आरती सुबक होते, पण तिला चढ नसतो.

तथापि ही रीत सर्वस्वी त्याज्य आहे, असे आमचे मत नाही. बुवा, मृदंग व टाळ यांची पहिली नोंद एकाच खोलीत, यंत्राच्या ठोक्यावाचून करावी आणि दूरच्यांनी तिच्यावर आपला स्वर चढवावा. मग मागून येणारा निदान माणसांच्या लयीला तरी अनुसरेल.

आणखी एक गोष्ट वकिलीच्या अनुषंगाने सांगावीशी वाटते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे पुढाकार व जबाबदारी घेणारी व्यक्ती. केवळ नोंदी जुळविल्याने ते स्थान प्राप्त होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलावंतास आपल्या नामोल्लेखाचा हक्कही दिला आहे. तेव्हा निर्माता कोण आणि नावे कोणाकोणाची, हे आरंभीच लिहून ठेवावे. देवाच्या कामात कागद कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याच्या घुमटावर आरती उभी राहिली त्याचेच नाव गाळणे, हे देवाचे काम खचित नव्हे.