रुक्मिणीचे पत्र आणि ते नेणारा

नाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर' आपल्यांपैकी पुष्कळांच्या घरी रसास्वादापेक्षा पारायणासाठीच अधिक उघडले गेले आहे. उपवर मुलीने ते वाचावे, म्हणजे चांगले स्थळ मिळते, अशी श्रद्धा आहे. रायपूरनजीक उरला येथील आमच्या बिऱ्हाडी, कारखान्यांच्या काजळीसाठी खिडक्या लावून घेऊन, गेल्या महिन्यात आम्ही तो ग्रंथ पुन्हा वाचला. तेव्हा एक विसंगती प्रथमच आमच्या ध्यानात आली. ज्या ग्रंथाच्या पारायणाने वडीलधाऱ्यांनी पाहिलेले स्थळ जुळावे अशी अपेक्षा असते, त्याच्या मुळाशी एका राजकन्येने घरच्यांना चोरून धाडलेले प्रेमपत्र आहे!

मूळ कथा भागवताच्या दशम स्कंधातील. तिच्यावर नाथांनी इ. स. १५७१ मध्ये काशीक्षेत्री १८ प्रसंगांचा व १७१२ ओव्यांचा विस्तार उभारला. विदर्भाचा राजा भीमक याची कन्या कृष्णाला मनाने वरून चुकली आहे. भाऊ रुक्मी तिला शिशुपालास देऊ पाहतो. तेव्हा ती एका ब्राह्मणाकरवी द्वारकेस निरोप धाडते. भागवतात हा निरोप अवघ्या सात श्लोकांचा आहे. पण त्यात नुसती विरहव्यथा नाही. अंतःपुरातून नेल्यास माझे आप्त मारले जातील. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनास मी नगराबाहेर येईन, तेथून मला न्यावे, अशी तिची नेमकी योजना आहे. आणि हे न घडले तर प्राण देण्याचा निश्चयही आहे. हे पत्र रुक्मीच्या हाती पडते, तर काय झाले असते?

हा प्रश्न आपले रसिक सहसा विचारीत नाहीत. रुक्मिणी म्हणजे जीव आणि कृष्ण म्हणजे परमात्मा, हे रूपक नाथांना अभिप्रेत आहेच; ते आम्ही नाकारीत नाही. परंतु केवळ रूपकावर दृष्टी ठेवली, की पत्रातील भय नाहीसे होते आणि ते नेणारा सुदेव ब्राह्मण निव्वळ निमित्तमात्र उरतो. आमच्या मते या कथेचा सारा भार काही काळ त्याच्याच खांद्यावर आहे.

त्याचे मोल कळावे म्हणून एका परक्या ग्रंथाकडे वळावे लागेल. मराठे व इंग्रज यांच्यात सालबाईचा तह झाला त्याच वर्षी, १७८२ मध्ये, लाक्लो या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याची १७५ पत्रांची कादंबरी प्रसिद्ध झाली. तीतील सरदार वाल्मों आणि उमराव स्त्री मेर्तय यांना दुसऱ्यांची मने जिंकून मोडण्याचे व्यसन आहे. सेसील ही कोवळी मुलगी आपल्या प्रियकराशी चोरून पत्रव्यवहार करते. मेर्तय ती गोष्ट तिच्या आईच्या कानी घालते. पुढे वाल्मों पत्रे पोहोचविण्याचा विश्वासू मध्यस्थ बनतो, त्या निमित्ताने तिच्या खोलीची किल्ली मिळवितो आणि तिचा घात करतो. दोन्ही ग्रंथांत पत्रे गुप्तच आहेत. तेव्हा पाप गुप्ततेत नाही. विश्वासाने हाती दिलेल्या पत्राचे नेणारा काय करतो, यावर सारे अवलंबून आहे.

हे आम्ही केवळ ग्रंथाधारे लिहीत नाही. आमची थोरली बहीण याच ग्रंथाचे पारायण करीत असता तिने एक बंद लखोटा आमच्या हाती दिला होता. तेव्हा आमचे वय दहा वर्षांचे. तो आम्ही वडिलांना नेऊन दिला आणि शाबासकी मिळविली. बहिणीचे लग्न वडिलांनी ठरविले, तेथेच झाले. ती सुखात नाही, असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु त्या लखोट्याविषयी तिने आम्हांस आजवर एका शब्दानेही विचारलेले नाही.

आज केंद्र सरकारच्या कचेरीत 'गोपनीय' असा शेरा असलेले लखोटे आमच्या हातून रोज जातात. ते न उघडता पोहोचते करणे हे आमचे कर्तव्य आहे आणि त्यात आमच्याकडून कधी कसूर झाली नाही. सुदेवाची योग्यता एवढ्यानेच येत नाही, हे मात्र आता उमगते. नाथांचा ग्रंथ पुढे कोणा मुलीच्या हाती द्याल, तेव्हा तो तिच्या भावालाही वाचावयास द्यावा, एवढीच विनंती.