अवर्तुळ वाहिनीतील संक्षुब्ध प्रवाहाचे मापन : एक चिकित्सा

यवतमाळ जिल्ह्यातील अरुणावती व बेंबळा प्रकल्पांच्या कालव्यांवर जो अभियंता वेगमापक घेऊन उतरतो, त्याच्यापुढचा छेद समलंबाकृती असतो. त्याच्या पाठ्यपुस्तकातील नियम मात्र पुष्कळसे वर्तुळाकार नळीवरील प्रयोगांतून आलेले असतात. हे अंतर ‘जलीय व्यास’ या कल्पनेने मिटते, असा समज रूढ आहे. क्षेत्रफळाच्या चौपटीस ओल्या परिमितीने भागले की आकाराचा प्रश्न संपला! हा समज तपासून घेणे अगत्याचे आहे.

स्तरीय प्रवाहात तो उघडच फसतो. घर्षणांक व रेनल्ड्झ अंक यांचा गुणाकार वर्तुळाकार नळीत ६४, चौरस वाहिनीत सुमारे ५७, तर समांतर पाट्यांमध्ये ९६ येतो. संक्षुब्ध प्रवाहात हिशेब बराच जुळतो, आणि या जुळण्यानेच दिशाभूल होते; कारण जुळते ती केवळ सरासरी. निकुराडझे यांच्या १९२६ व १९३० च्या मापनांत समवेग रेषा कोपऱ्यांकडे ओढलेल्या दिसल्या. प्रांट्ल यांनी त्याचे कारण सांगितले ते असे की, क्षोभजन्य ताणांच्या असमानतेमुळे छेदाच्या प्रतलातच दुय्यम प्रवाह उत्पन्न होतो.

हा प्रवाह मुख्य वेगाच्या एकदोन टक्केच असतो. मापनाची खरी कसोटी येथेच लागते. तप्त तारेचा शोधक एका अंशाने तिरका बसला, तर मुख्य वेगाचा पावणेदोन टक्के अंश आडव्या वेगात मिसळतो. म्हणजे चूक मोजावयाच्या राशीएवढीच. ब्रंड्रेट व बेन्स यांचे १९६४ चे तप्त-तार प्रयोग या दृष्टीने वाचावेत. मेलिंग व व्हाइटलॉ यांनी १९७६ मध्ये लेसर-डॉप्लर पद्धती वापरली, तेव्हा प्रवाहात शोधक बुडविण्याची गरज उरली नाही. तरी किरणांची दिशा अचूक साधण्याची जबाबदारी कायमच राहिली. चौरस वाहिनीचे आठही भाग सममित असावयास हवेत. त्यांची आधीच सरासरी काढून आलेख देणे म्हणजे चुकीचा एकमेव साक्षीदार घालविणे होय.

कालव्यात वरचा पृष्ठभाग मोकळा, म्हणून गुंता अधिक. अरुंद व खोल छेदात दुय्यम प्रवाहामुळे महत्तम वेग पृष्ठभागाखाली उतरतो. पृष्ठभागापासून ०.६ खोलीवरचे एक वाचन पुरेसे मानणारा नियम रुंद प्रवाहाचा लघुगणकीय वेगवक्र गृहीत धरतो. काठालगत ते गृहीत टिकत नाही. वेगमापकाचे अंशांकनही स्थिर पाण्याच्या हौदात होते, क्षोभात नव्हे. २००५ च्या सिंचन कायद्यान्वये पाणीवापर संस्थांना घनमापाने पाणी मोजून द्यावयाचे असल्याने या टक्क्यांचा भार शेवटी शेतकऱ्याच्या आकारणीवर पडतो. निदान काठाजवळच्या उभ्या रेषा दाट घ्याव्यात, आणि प्रत्येकीवर ०.२ व ०.८ खोलीची वाचने स्वतंत्रपणे नोंदवावीत.