मोगली, गोट्या आणि टेंभी नाका : प्रौढांच्या दूरदर्शन-स्मृतीची भाषा

प्रस्तावना :

चाळिशी ओलांडलेली माणसे एकत्र जमली की लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेल्या कार्यक्रमांचा विषय हटकून निघतो. हा विषय गप्पांचा म्हणून सोडून दिला जातो. तो समीक्षेचा मानला जात नाही. वस्तुतः एका पिढीने आपले बालपण कोणत्या प्रतिमांतून आणि कोणत्या भाषेतून जपले, याचा तो पुरावा होय. प्रस्तुत लेखात ठाण्यातील टेंभी नाका या परिसराच्या संदर्भात, 'जंगल बुक' आणि 'गोट्या' या दोन मालिकांच्या आधारे या स्मृतीचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

टेंभी नाक्याची निवड सहेतुक आहे. १९६७ मध्ये ठाणे नगरपालिकेत शिवसेना सत्तेवर आली आणि पुढे याच नाक्यावरील आनंदाश्रम हे शहराच्या राजकारणाचे केंद्र बनले. येथील नवरात्रोत्सव आणि दहीहंडी यांची ख्याती दूरवर पसरली. मराठीपण ही जेथे उघड अभिमानाची बाब होती, तेथे वाढलेली पिढीही बालपणीच्या कार्यक्रमांचा विषय निघताच प्रथम 'जंगल बुक'चे हिंदी शीर्षकगीत गुणगुणते. या विसंगतीचा अर्थ काय, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

पाहण्याची रीत :

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रमाचे प्रक्षेपण सुरू झाल्यावर एकाच संचावर दोन भाषांचे दोन प्रहर निर्माण झाले : मुंबई केंद्राचा मराठी आणि दिल्लीचा हिंदी. 'किलबिल'सारखा मुलांचा कार्यक्रम पहिल्या प्रहरात होता. रविवार सकाळ मात्र दुसऱ्याची होती. जुन्या ठाण्यातील वाडे व चाळी यांत संच असलेले घर हे शेजारच्या मुलांचेही घर असे. कार्यक्रम आठवड्यातून एकदाच लागे. तो चुकला तर चुकलाच. या वाट पाहण्यामुळेच सामान्य कार्यक्रमालाही सणाचे मोल आले.

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, दूरदर्शनने 'जंगल बुक' आणि 'शक्तिमान' यांचे पुनर्प्रक्षेपण केले. प्रौढांना त्या वेळी मालिका परत मिळाली. वाट पाहणे आणि शेजारची गर्दी परत मिळाली नाही. येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. स्मरणात राहिलेला कार्यक्रम आणि स्मरणात राहिलेले 'पाहणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गतकाळाच्या आठवणींनी हळवी झालेली माणसे बहुधा दुसरीचे श्रेय पहिलीला देतात. समीक्षेने हे श्रेय वेगळे करून पाहिले पाहिजे.

दोन अनाथ मुले :

असे वेगळे करून पाहिले तरी 'जंगल बुक'चे गुण उरतातच. मूळ कथा १८६५ मध्ये मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगची. तिच्यावरून १९८९ मध्ये जपानमध्ये बावन्न भागांची चलच्चित्र मालिका निर्माण झाली आणि १९९३ मध्ये ती हिंदीतून भारतात आली. गुलजार यांचे शब्द, विशाल भारद्वाज यांचे संगीत आणि शेरखानला लाभलेला नाना पाटेकर यांचा आवाज यांमुळे ही परकी मालिका येथील मुलांना आपली वाटली. चित्रे जपानीच राहिली. बदलले ते केवळ श्राव्य अंग. आठवणीत मात्र चित्रांपेक्षा हे श्राव्य अंगच अधिक टिकले आहे.

ना. धों. ताम्हनकर यांच्या पुस्तकावर आधारित 'गोट्या' ही मुंबई दूरदर्शनवरील मालिका याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. मोगली आणि गोट्या हे दोघेही अनाथ. दोघांनाही परक्यांनी आपलेसे केले. मोगलीला जंगल मिळते, गोट्याला मध्यमवर्गीय मराठी घर. एकापुढे शेरखानचे भय आहे, दुसऱ्यापुढे आश्रय देणाऱ्यांच्या विश्वासाला पात्र ठरण्याची कसोटी. मोगलीचे साहस प्रौढाला नोकरी-संसाराच्या चाकोरीतून घटकाभर सोडवते. गोट्याची आठवण त्याला उलट घराकडे, आईच्या माजघराकडे नेते. पहिली आठवण चारचौघांत मोठ्याने सांगितली जाते, तर दुसरी बहुधा घरातल्या माणसांत राहते.

भाषेचा प्रश्न :

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'मध्ये प्रौढ श्याम आपले बालपण ज्या भाषेत जगला, त्याच भाषेत सांगतो. दूरदर्शनच्या पिढीत ही एकसंधता राहिली नाही. आठवण मराठीत सांगितली जाते, पण तिच्यातील गाणे आणि संवाद हिंदीत येतात. हीच पिढी आज पालक झाली आहे. 'डोरेमॉन' पाहून मुले घरात हिंदी बोलतात, अशी तिची तक्रार असते. तक्रार खोटी नाही. परंतु 'डोरेमॉन'ही जपानी मालिकाच आहे आणि तीही हिंदीतूनच मुलांपर्यंत पोहोचली. आपल्या बालपणी जो सोहळा होता तोच मुलांच्या बाबतीत संकट ठरवणे तर्काला धरून नाही.

हिंदीने मराठी बालपण हिरावून घेतले, असा निष्कर्ष यावरून काढणेही घाईचे ठरेल. दुभाषिक बालपण हे दरिद्री बालपण नव्हे. खरा प्रश्न मराठीने काय दिले, हा आहे. चलच्चित्रपट खर्चिक असतो. चित्रपटाच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. एका राज्यापुरत्या भाषेला हा खर्च पेलणे अवघड होते, हे मान्य करावे लागेल. परंतु 'जंगल बुक'साठी चित्रे येथे काढावी लागली नव्हती; लागले ते गीत आणि आवाज. मराठीत या दोहोंची वाण नव्हती. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर'ची आणि रत्नाकर मतकरी यांनी १९६२ मध्ये 'बालनाट्य' या संस्थेची स्थापना करून बालरंगभूमी उभी केली होती. टेंभी नाक्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर १९७८ पासून गडकरी रंगायतन उभे होते. बालगीतांची परंपरा तर घरोघरी होती. शेरखानचा गाजलेला आवाजही एका मराठी नटाचाच होता. सामग्री होती, ती मुलांच्या मालिकांच्या भाषांतरासाठी वापरण्याची दृष्टी कमी पडली, असेच म्हणावे लागते.

निष्कर्ष :

प्रौढांनी बालपणीच्या मालिकांत रमणे हे बालिशपणाचे लक्षण मानण्याचे कारण नाही. मात्र केवळ 'आमच्या वेळचे दिवस वेगळे होते' एवढ्यावर ते थांबले तर ते पुढच्या पिढीवरील शेरेबाजी बनते. याच आठवणीतून एक धडाही घेता येतो : मुलाला परके चित्र आपले वाटते ते त्याच्या कानावर पडणाऱ्या शब्दामुळे. यास्तव महाविद्यालयांतील मराठी विभागांनी या आठवणी नोंदवून ठेवाव्यात आणि आवाज व गीत यांच्या भाषांतराला अभ्यासक्रमात स्थान द्यावे. टेंभी नाक्यावर आज वाढणारे मूल चाळिशीत पोहोचल्यावर कोणत्या भाषेतले गाणे गुणगुणेल, हे त्या मुलाच्या हाती नाही; ते आज त्याच्यासाठी लिहिणाऱ्या, गाणाऱ्या आणि बोलणाऱ्या प्रौढांच्या हाती आहे.