अनुराग आणि भाषाज्ञान : चेंबरलेन-हर्न वादाचे पुनरालोचन

परकीय संस्कृतीवर अनुरक्त झालेल्या मंडळींचा जेवढा मोठा संप्रदाय गेल्या दीडशे वर्षांत जपानभोवती जमला, तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या देशाच्या वाट्याला आला असेल. १८७२ साली फिलिप ब्युर्ती ह्या फ्रेंच कलासमीक्षकाने ह्या अनुरागास 'जपॉनिस्म' हे नाव दिले. पुढे १८८९ मध्ये ऑस्कर वाइल्डने आपल्या एका संवादात ह्या मंडळींची यथेच्छ थट्टा केली. ज्या जपानवर हे लोक लुब्ध आहेत तो चित्रकारांच्या कल्पनेतच आहे, पृथ्वीवर नाही, असा तिचा मथितार्थ होता. तेव्हापासून आजतागायत जपानानुरागी मंडळींवर केला जाणारा आक्षेप फारसा बदललेला नाही. जो जपान नाही त्यावर त्यांचे प्रेम आहे, आणि जो आहे त्याची भाषा त्यांना येत नाही, असा तो दुहेरी आक्षेप होय.

हा आक्षेप सर्वांत अधिकारवाणीने मांडला तो बेसिल हॉल चेंबरलेन ह्याने, आणि तोही आपल्या एके काळच्या मित्राविरुद्ध, लॅफ्काडिओ हर्नविरुद्ध. चेंबरलेन हा भाषाशास्त्रज्ञ होता, व त्याने दिलेला निर्णय मुख्यतः भाषाज्ञानाच्या आधारावर दिलेला आहे. त्यामुळे तो निर्णय तपासून पाहण्याची जबाबदारीही साहित्यसमीक्षेइतकीच भाषाशास्त्राकडे येते.

दोघांचाही जन्म १८५० सालचा. एवढे एक साम्य सोडले तर दोघांच्या आयुष्यात सारखे असे काही नाही. चेंबरलेन १८७३ मध्ये जपानात आला, नौदलाच्या विद्यालयात शिक्षक झाला, १८८२ साली त्याने 'कोजिकी' ह्या प्राचीन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर सिद्ध केले, आणि १८८६ मध्ये तोक्यो येथील शाही विद्यापीठात जपानी भाषेचा व भाषाशास्त्राचा प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. जपानी लोकांना त्यांच्याच भाषेचे शास्त्र एका इंग्रजाने शिकवावे, ही घटना त्या काळाची द्योतक आहे. लुचू बेटांच्या भाषेचा जपानीशी असलेला संबंध दाखविणारा त्याचा १८९५ चा प्रबंध आजही त्या क्षेत्रातील पायाभूत कामांत गणला जातो. त्याचा सर्वांत वाचला गेलेला ग्रंथ मात्र 'थिंग्ज जॅपनीज' हा, वर्णानुक्रमे लावलेल्या टिपणांचा, १८९० साली निघालेला कोश होय.

त्याच १८९० साली हर्न योकोहामा बंदरात उतरला. ग्रीक आई, आयरिश बाप, लेफ्काडा बेटावर जन्म, सोळाव्या वर्षी एका डोळ्याची दृष्टी गेलेली, आणि मागे अमेरिकेतील वृत्तपत्री लेखनाची वीस वर्षे, असा हा माणूस. चेंबरलेनच्या साहाय्यानेच त्याला मात्सुए येथे शिक्षकाची नोकरी मिळाली. तेथेच कोइझुमी सेत्सु ह्या सामुराई घराण्यातील स्त्रीशी त्याने संसार मांडला, १८९६ साली जपानी नागरिकत्व घेऊन कोइझुमी याकुमो हे नाव धारण केले, आणि १९०४ मध्ये तोक्योत त्याचे निधन झाले. १८९४ सालचे 'ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलिअर जपान' हे त्याचे पुस्तक ज्या दोघा मित्रांना अर्पण केलेले आहे, त्यांपैकी एक चेंबरलेन होता.

'थिंग्ज जॅपनीज'च्या पूर्वीच्या आवृत्त्यांत चेंबरलेनने हर्नची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. तपशिलाचा शास्त्रीय काटेकोरपणा आणि शैलीचे लालित्य ह्यांचा असा संयोग विरळा, असा तिचा भाव आहे. चेंबरलेनच्या मृत्यूनंतर, १९३९ साली निघालेल्या सहाव्या आवृत्तीत मात्र हर्नवर स्वतंत्र टिपण आले, आणि त्यात सूर पालटला. हर्नला तपशील स्पष्ट दिसे, पण त्यांची संगती त्याला लागत नसे. त्याचे आयुष्य म्हणजे स्वप्नांची मालिका होती. ज्या जपानवर त्याने प्रेम केले तो खरा जपान नव्हता, हे त्याला शेवटी कळून चुकले. आणि मुख्य म्हणजे, त्याला जपानी भाषा पुरती कधीच आली नाही, असा हा अभिप्राय आहे. हर्नचा कैवार घेणाऱ्यांत हिराकावा सुकेहिरो ह्या जपानी अभ्यासकाचे नाव प्रमुख आहे. चेंबरलेनच्या दृष्टीत पाश्चात्त्य श्रेष्ठत्वाची भावना भिनलेली होती, असा त्यांचा प्रत्यारोप आहे. जपानी संगीताविषयी चेंबरलेनने जे लिहिले आहे ते वाचता हा प्रत्यारोप निराधार म्हणता येत नाही. परंतु लेखकाचा पूर्वग्रह दाखविला म्हणजे त्याचा आक्षेप खोटा ठरला, असे होत नाही. आक्षेप स्वतंत्रपणेच तपासावा लागतो.

वस्तुस्थिती चेंबरलेनच्या बाजूची आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. चौदा वर्षे राहूनही हर्नला जपानी ग्रंथ स्वतः वाचता येत नसत. त्याची सामग्री पत्नीकडून व विद्यार्थ्यांकडून येई. मात्सुए येथील ओतानी मासानोबु ह्या विद्यार्थ्याला विद्यापीठातील शिक्षणासाठी तो पैसे देई व त्याबदली त्याच्याकडून कविता, म्हणी, लोकसमजुती गोळा करून घेई. पतिपत्नींत जी भाषा चाले तिला 'हेरुन-सान कोतोबा', म्हणजे 'हर्नसाहेबांची बोली', असे नाव पडले होते. विभक्तिदर्शक अव्यये बहुधा गाळलेली, क्रियापदे व विशेषणे रूपे न चालवता जशीच्या तशी ठेवलेली, आणि पदक्रम जपानीपेक्षा इंग्रजीकडे झुकलेला, असे तिचे स्वरूप होते. 'नाव घर ठेव', 'राम भात खाणे' अशा धर्तीवर कोणी जन्मभर मराठी बोलावे, तसाच हा प्रकार. व्याकरणाच्या परीक्षेत अशा माणसाला शून्य गुण पडतील, आणि चेंबरलेन हा व्याकरणाचा परीक्षक होता.

परंतु भाषेचे ज्ञान म्हणजे रूपावलीचे ज्ञान एवढेच काय? सेत्सुच्या आठवणी १९१४ साली तानाबे र्‍यूजी ह्याने लिहिलेल्या हर्नच्या चरित्रातून प्रसिद्ध झाल्या. त्यांतील एक तपशील ह्या संदर्भात फार मोलाचा आहे. 'क्वायदान' ह्या १९०४ च्या संग्रहातील पहिली कथा होइची नावाच्या आंधळ्या बिवावादकाची आहे. एक अदृश्य सामुराई त्याला रात्री आपल्या धन्याच्या वाड्यावर नेतो आणि महाद्वाराशी थांबून पहारेकऱ्यांना हाक देतो. ही हाक कशी असावी, ह्यावर पतिपत्नींची चर्चा झाली. 'मोन ओ हिराके', म्हणजे 'दार उघडा', हे सरळ जपानी वाक्य हर्नला पसंत पडेना. त्यात जोर नाही, असे त्याचे म्हणणे. अनेक पर्याय चाळून झाल्यावर 'काइमोन' हा शब्द निश्चित झाला. अर्थ तोच, परंतु येथे देशी क्रियापदाचे आज्ञार्थी रूप नाही. उघडणे व द्वार ह्या अर्थाच्या दोन चिनी अक्षरांचा, चिनी उच्चाराने घडलेला, एकच सामासिक शब्द आहे.

देशी आणि चिनी मूळ असलेल्या शब्दांच्या ह्या दोन थरांत जपानी भाषेचे अर्धे सौंदर्य साठवलेले आहे, आणि ज्याच्या मातृभाषेत तद्भव व तत्सम असे दोन थर आहेत त्या मराठी वाचकास त्याची कल्पना सहज येईल. 'घर' व 'गृह', 'पाणी' व 'जल' ह्या जोड्यांत अर्थ एक असला तरी दर्जा एक नाही. त्यातही सामुराईच्या तोंडी कोणता थर शोभेल, हे जाणण्यासाठी रूपे चालविता येणे पुरेसे नाही आणि आवश्यकही नाही. त्यासाठी कान लागतो. हर्नला तो होता. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नाही त्याने पत्नीशी शब्दाच्या वजनावरून घासाघीस करावी आणि अचूक निर्णयाला यावे, ह्या घटनेचा उलगडा चेंबरलेनच्या टिपणात होत नाही.

पुढची गोष्ट अशी की, इंग्रजी कथेतही हर्नने हा शब्द तसाच ठेवला आहे. सामुराई इंग्रजी वाक्यात 'काइमोन' अशीच हाक देतो, आणि तो शब्द कोण, कोठे व कशासाठी वापरीत असे ह्याचा खुलासा तळटीपेत येतो. ह्यामागे एक निश्चित भूमिका होती. १८९३ साली चेंबरलेनला लिहिलेल्या एका पत्रात हर्नने ती मांडली आहे. परके शब्द लेखनात फार येतात, वाचकाला ते कळत नाहीत, ही तक्रार होती. हर्नचे उत्तर असे की, शब्दांना चेहरा असतो, रंग असतो, चालण्याबोलण्याची ढब असते, आणि अर्थ न कळताही ती प्रत्ययास येते. रस्त्याने जाणारा परदेशी माणूस त्याची भाषा न कळताही लक्ष वेधून घेतोच. हे मत शास्त्रीय कसोटीवर पूर्णपणे टिकणारे नाही. शब्दाचा 'चेहरा' हा ऐकणाऱ्याच्या सवयीतून घडत असतो, शब्दात उपजत नसतो. तथापि अनुवादकाच्या दृष्टीने त्यात एक खरी अडचण ओळखलेली आहे.

चेंबरलेन ह्या अडचणीतून कसा वाट काढी, ते त्याच्या १९०२ सालच्या बाशोविषयक निबंधावरून कळते. निबंधाच्या शीर्षकातच त्याने ह्या काव्यप्रकारास 'एपिग्रॅम' म्हटले, आणि मग हा शब्द चटकदार उक्ती ह्या आधुनिक अर्थाने न घेता लहानशी कविता ह्या जुन्या अर्थाने घ्यावा, असा खुलासा त्याला करावा लागला. ज्या नावाबरोबर असा खुलासा जोडावा लागतो ते नाव चुकले आहे, असेच समजावे. वाचक 'एपिग्रॅम' म्हटल्यावर शेवटच्या टोल्याची वाट पाहणार, आणि बाशो तर तो टोला देण्याचेच नाकारतो. शिरीष पै ह्यांनी हा काव्यप्रकार मराठीत रुजविला तेव्हा 'हायकू' हा शब्दच घेतला. 'चारोळी' वा 'सुभाषित' म्हणून त्याचे मराठीकरण केले नाही. त्यावाचून मराठी वाचकाचे काही अडले नाही. ह्या एका बाबतीत तरी अनुभवाने कौल हर्नच्या बाजूने दिला आहे.

तरीही हर्नच्या ह्या तत्त्वाने पुढे जे वळण घेतले त्याचा दोष त्याच्या माथी नसला तरी विचार केला पाहिजे. आजच्या जपानानुरागी मंडळींत परके शब्द न भाषांतरता ठेवण्याची प्रथा बळावली आहे. जपानी चलच्चित्रकथांची हौशी भाषांतरे करणाऱ्यांनी 'नाकामा' हा शब्द, जणू त्याचा अर्थ कोणत्याच भाषेत सामावणार नाही अशा श्रद्धेने, जसाच्या तसा ठेवला. जपानीत तो अगदी साधा, रोजच्या व्यवहारातला शब्द आहे, आणि मराठीत 'सवंगडी' वा 'आपली माणसे' म्हटले की काम भागते. येथे शब्द राखला जातो तो त्याचा चेहरा दिसावा म्हणून नव्हे, तर तो ज्याला कळतो तो 'आपल्यातला' हे ओळखू यावे म्हणून. शब्द येथे बिल्ल्याचे काम करतो. 'ओताकु' ह्या शब्दाचा प्रवास तर याहून उद्बोधक आहे. मुळात 'आपले घर' असा अर्थ असलेले, 'आपण' ह्या अर्थी वापरले जाणारे हे आदरार्थी संबोधन. १९८३ साली नाकामोरी आकिओ ह्याने एका मासिकातील लेखमालेत, छंदात बुडालेले तरुण एकमेकांना असेच औपचारिकपणे संबोधतात ह्यावर बोट ठेवून, त्यांची हेटाळणी करण्यासाठी तो योजला. आणि जपानबाहेर गेल्यावर तीच हेटाळणी अनुरागी मंडळींनी अभिमानाने अंगावर मिरविली. सर्वनामाची शिवी होते आणि शिवीची पदवी होते, असा हा क्रम आहे. हर्नने 'काइमोन'ला जी तळटीप जोडली ती जोडण्याची गरज ह्या मंडळींना बहुधा भासत नाही. फरक नेमका तेथे आहे.

उलट बाजूने, अनुराग जेथे फसतो व अलिप्तपणा जेथे जिंकतो असा प्रसंगही नोंदविला पाहिजे. १९१२ साली चेंबरलेनने एक छोटी पुस्तिका काढली. सम्राटपूजा व 'बुशिदो' ह्या गोष्टी प्राचीन म्हणून सांगितल्या जात असल्या तरी त्या मेइजी राजवटीत हेतुपुरस्सर घडविल्या गेल्या, असा तिचा प्रतिपाद्य विषय होता. 'बुशिदो' हा शब्द १९०० पूर्वीच्या कोणत्याही कोशात नाही, असे त्याने दाखविले. शब्द तुरळक प्रमाणात जुन्या लेखनात आढळतो, हे खरे; पण नितोबे इनाझो ह्याने १९०० साली इंग्रजीतून जो सर्वमान्य आचारधर्म जगापुढे मांडला तो त्या रूपात पूर्वी नव्हता, हा मुद्दा आजच्या इतिहाससंशोधनासही मान्य आहे. कोश हाती घेऊन एका राष्ट्रीय मिथकाचा छडा लावण्याचे हे काम हर्नच्या हातून झाले नसते. त्याचा शेवटचा ग्रंथ, 'जपान : ॲन अटेम्प्ट ॲट इंटरप्रिटेशन', पितृपूजेच्या एकाच सूत्रात सारा जपान ओवू पाहतो. तेथे त्याचा कान गप्प आहे आणि हर्बर्ट स्पेन्सर बोलतो आहे. त्याच स्पेन्सरचे, जपान्यांनी परकीयांशी विवाह करू नयेत असे बजावणारे पत्र त्याने ग्रंथाच्या परिशिष्टात आदराने छापले, ही विसंगती त्याला बोचली असेल असे दिसत नाही.

तेव्हा हर्न जपानविषयी सिद्धांत मांडतो तेव्हा चेंबरलेनचा आक्षेप लागू पडतो, आणि तो गोष्ट सांगतो तेव्हा पडत नाही. कारण गोष्ट त्याला पुस्तकातून मिळालेली नव्हती. सेत्सुने जुने ग्रंथ वाचावेत, पण त्याला सांगताना पुस्तक हाती धरू नये, तिचे स्वतःचे शब्द व स्वतःचा विचार असावा, असा त्याचा आग्रह असे. मोडक्या बोलीत सांगितली व ऐकली गेलेली, आणि मग इंग्रजीत उतरलेली ही कथा त्यामुळे भाषांतर राहत नाही. ती मौखिक परंपरेचीच एक पायरी ठरते. 'युकी-ओन्ना' ही हिमस्त्रीची कथा मुसाशी प्रांतातील एका शेतकऱ्याने सांगितली, असे हर्न प्रस्तावनेत नोंदवितो. आज जपानात तिचे जे रूप सर्वतोमुखी आहे ते बव्हंशी हर्नच्या इंग्रजीवरून जपानीत परतलेले आहे. १९६५ साली कान महोत्सवात गौरविला गेलेला कोबायाशी मासाकी ह्याचा 'क्वायदान' चित्रपटही हर्नच्याच कथांवर आधारलेला होता.

ह्या सर्व व्यवहारात सेत्सुचा वाटा किती, ह्याची चर्चा दोन्ही पक्षांनी उपेक्षिलेली आहे. हर्नच्या निंदकांना ती त्याच्या अज्ञानाचा पुरावा वाटली, आणि स्तुतिपाठकांना त्याच्या प्रतिभेची परिचारिका. वस्तुतः 'हेरुन-सान कोतोबा' ही दोघांनी मिळून घडविलेली बोली होती. तिची सुलभीकरणे एकट्या हर्नच्या चुका नव्हत, सेत्सुने त्याच्यासाठी केलेल्या तडजोडीही होत्या. हर्नने तिला काताकाना लिपीत लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत, आणि इंग्रजी शब्द शिकताना तिने काना लिपीत टिपून ठेवलेली वहीही आहे. पत्रांत त्याची जपानी दिसते, वहीत तिची इंग्रजी. ही दोन्ही साधने शेजारी ठेवून त्या बोलीचे व्याकरण लिहिता येण्यासारखे आहे, आणि ते लिहिण्यास लागणारी सारी शिस्त चेंबरलेनच्याच ग्रंथांतून शिकण्याजोगी आहे.