वेरुळातील खून आणि कथेचा शेवट

सुट्टीत लोहाऱ्यास आलेल्या आमच्या भाचीने परवा सत्यजित राय यांची ‘कैलासे केलेंकारि’ ही रहस्यकथा अनुवादातून एका बैठकीत संपविली, पुस्तक मिटले आणि विचारले, “मामा, जो माणूस मारला गेला त्याच्या घरी कोणी कळवलं का हो?” आम्हांस उत्तर देता आले नाही. कथा आम्ही दोनदा वाचली होती. पण हा प्रश्न आमच्या मनास शिवला नव्हता.

कथा १९७३ सालची. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातील यक्षीचे मस्तक चोरीस जाते, ते विकत घेऊन निघालेल्या अमेरिकन धनिकाचे विमान कोसळते, आणि मस्तकाचा माग काढीत फेलूदा, त्याचा चुलतभाऊ तोपशे व लालमोहनबाबू कलकत्त्याहून आपल्या वेरुळास येऊन पोहोचतात. तेथे खून होतो. खुनी कोण, हे येथे सांगणे शिष्टसंमत नव्हे.

पूर्वार्धाची गती निर्दोष आहे. अपघातस्थळापासून वेरुळापर्यंत वाचकास धाप लागते, पण तो कोठेही वाट चुकत नाही. लेण्यांशी आल्यावर गती मंदावते, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस तो मान्य नाही. कुमार वाचकास दगडाविषयी आधी ममता वाटली नाही, तर दगड चोरणाऱ्याविषयी त्यास संताप तरी कसा यावा? पुरावस्तूंच्या संरक्षणाचा कायदा संसदेने १९७२ साली केला. त्या कायद्याने न साधणारे काम ही पाने करतात.

उणीव शेवटात आहे. फेलूदा वेषांतर करून वावरतो. निवेदक तोपशे, म्हणून त्यास जे ठाऊक नाही ते आपणांसही नाही. अखेर सारा उलगडा फेलूदाच्या तोंडून ऐकावा लागतो. गुप्तहेरास सापडलेला दुवा वाचकापुढे तत्काळ ठेवावा, असा दंडक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली घातला होता. दंडक मोडल्याने कथा बुडत नाही हे खरे. परंतु वाचक तर्क करावयाचे सोडून श्रोता बनतो, आणि शेवटी जी घाई जाणवते ती यामुळेच. कैलास लेणे शिखरापासून खाली कोरीत आणले गेले. पाया शेवटी उघडा पडला. एडगर ॲलन पो यांनीही कथानक शेवटापासून रचावे असे १८४६ मध्ये सांगितले. राय यांचे शिखर रेखीव आहे, पण खाली येता येता छिन्नी उतावीळ झाली.

पण भाचीच्या प्रश्नाचे काय? फेलूदाचा जन्म १९६५ साली ‘संदेश’ ह्या मुलांच्या मासिकात झाला, आणि कोवळ्या वाचकांपुढे रक्तपात मांडावयाचा नाही हे पथ्य राय यांनी पुढेही पाळले. ते योग्यच. मात्र रक्त न दाखविणे वेगळे आणि शोक न दाखविणे वेगळे. येथे यक्षीच्या मस्तकासाठी साऱ्या कथेचा जीव टांगणीस लागतो, आणि जित्याजागत्या माणसाचा मृत्यू तपासातील एक दुवा होऊन राहतो. मुलांना हा हिशोब खटकतो. आम्हां प्रौढांस सवयीने खटकेनासा झाला आहे.

शोकाने गती खुंटते, असे कोणी म्हणेल तर फेलूदाचे गुरू शेरलॉक होम्स यांच्याकडेच पाहावे. ‘पाच संत्र्यांच्या बिया’ ह्या १८९१ सालच्या कथेत आश्रयास आलेला तरुण मारला जातो. वर्तमानपत्रातून ती बातमी कळल्यावर होम्स काही मिनिटे मुकाट बसून राहतो. मग खोलीत येरझारा घालू लागतो. एवढेच. अर्ध्या पानाचाही मजकूर नाही, आणि त्यानंतर कथा पूर्वीपेक्षा वेगाने धावते.