बेल नेमकी कोणाशी जोडली जाते?

अमेरिकेतलं नेहमीचं उदाहरण घ्या. रिंगची व्हिडिओ डोअरबेल अलेक्साला जोडायची: अ‍ॅपमध्ये 'स्किल' चालू करा, लॉगिन करा, परवानगी द्या. मग "अलेक्सा, शो मी द फ्रंट डोअर" म्हटलं की स्क्रीनवर दार दिसतं. काम छान होतं. माझी तक्रार 'जोडणे' या शब्दाबद्दल आहे.

बेल आणि स्पीकर एकमेकांना जोडले जात नाहीत, जोडली जातात दोन खाती. अशा जोडणीत साधारणपणे एका सर्व्हरला दुसऱ्याकडून ओऑथ टोकन मिळतं. स्पीकर दारापासून चार पावलांवर असला तरी बेल वाजल्याची सूचना इंटरनेटवरून फिरून येते. त्यामुळे तुम्ही फक्त घरातल्या वायफायची सुरक्षा तपासलीत, तर अर्धी व्यवस्था आकृतीबाहेरच राहते. (माझ्या पहिल्या प्रस्तावात मी हेच केलं होतं. सरांनी राउटरच्या पुढे फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं!)

आणि तो बाहेरचा भाग किरकोळ नाही. रिंग २०१८ पासून अ‍ॅमेझॉनचीच. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आरोप केला, की रिंगच्या कर्मचाऱ्यांना आणि कंत्राटदारांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ पाहता येत होते. ५८ लाख डॉलरवर तडजोड झाली. वायफायचा पासवर्ड कितीही भक्कम असता तरी इथे काय उपयोग?

अजून एक राहिलंच. दारात उभा असलेला कुरिअरवाला. परवानगीच्या पानावर त्याचं नाव नाही, पण व्हिडिओत चेहरा त्याचाच आहे. तुमच्या आकृतीत त्याला कुठे दाखवाल?