‘स्फोटरोधक’ काँक्रीट : एका विशेषणाची चिकित्सा

मिश्र तंतूंनी प्रबलित केलेल्या काँक्रीटविषयीच्या लेखनात ‘स्फोटरोधक’ हे विशेषण सर्रास योजले जाते. वस्तुतः या एका शब्दाखाली दोन भिन्न घटना वावरतात आणि एकीविषयीचा पुरावा दुसरीच्या खाती जमा होतो, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

पहिली घटना बाहेरील स्फोटाची. बाँब उडाला म्हणजे दाबलहर भिंतीत शिरते आणि मागील पृष्ठावरून परतताना ताणलहर बनते. काँक्रीटची ताणशक्ती दाबशक्तीच्या सुमारे एक-दशांशच असल्याने मागील बाजूचे ढलपे उडतात. हा सारा व्यवहार काही मिलिसेकंदांचा. येथे पोलादी तंतू उपयोगी पडतात. ते भेगेच्या दोन्ही कडा धरून ठेवतात व उपसले जाताना ऊर्जा शोषतात.

दुसरी घटना आगीतील. घट्ट, उच्चशक्ती काँक्रीट तापले की आतील पाण्याची वाफ कोंडते. उष्णताजन्य ताणांची तीत भर पडते आणि आगीकडील पृष्ठाचे कपचे सशब्द उडतात. १८ नोव्हेंबर १९९६ रोजी इंग्लिश खाडीखालील बोगद्यात लागलेल्या आगीने अस्तराची अशीच हानी केली. येथे बारीक पॉलिप्रॉपिलीन तंतूंचे कार्य धरून ठेवण्याचे नसून वितळण्याचे आहे. सुमारे १६० ते १७० अंश सेल्सिअसला ते वितळतात व वाफेला वाट मिळते. २००४ च्या युरोपीय संहितेने उच्चशक्ती काँक्रीटसाठी सुचविलेल्या उपायांपैकी एक, घनमीटरला २ किलोग्रॅमहून अधिक असे तंतू मिसळणे, हा आहे.

इंग्रजीत दोन्ही घटनांना ‘स्पॉलिंग’ हेच नाव आहे. तज्ज्ञाला त्याचा अर्थ संदर्भाने उलगडतो. विद्यार्थ्याला तो उलगडेलच असे नाही. मराठीने ही संदिग्धता उसनी घेण्याचे कारण नाही. पहिल्या घटनेस ‘स्फोटाघात’ व दुसरीस ‘तापस्फुटन’ म्हटल्यास भेद स्पष्ट राहील.

हाच न्याय ‘मिश्र’ या शब्दासही लागू होतो. मिश्रण हा स्वतःच गुण नव्हे. कोणता तंतू कोणत्या संकटासाठी घातला, हे सांगितल्यावाचून त्याची प्रशस्ती निराधार ठरते. स्फोटापाठोपाठ आग लागण्याचा संभव असेल तेथे मिश्रण समर्थनीय आहेच. तथापि चाचणीचे निष्कर्ष दोन स्वतंत्र शीर्षकांखाली मांडले पाहिजेत. भट्टीत तावून सुलाखून निघालेला नमुना बाँबपुढे टिकेल, असे अनुमान केवळ शब्दसाम्यावर आधारलेले असते, आणि अशा अनुमानावर भिंत उभारणे धोक्याचे आहे.